कोन्या पट्टीत लावतेत हे?

आमच्या घरातलं पहिलं युकुलेले चुकीच्या चांदुरातून फिरून आलं. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एक बाजाराचं, एक रेल्वेचं, आमचं रेल्वेचं. माझ्या भाचीनं ऑर्डर देताना पत्त्यात नुसतं ‘चांदूर’ टाकलं आणि खोकं जाऊन बसलं चांदूर बाजारला. चार दिवसांनी ते घरी आलं तेव्हा ती फाटकापर्यंत धावत गेली.

आतून निघालं निळं, चकचकीत, हातभर लांबीचं काहीतरी. पोटावर नारळाच्या झाडाचं चित्र. किंमत सातशे रुपये, पोरीनं राखीच्या ओवाळणीतून साठवलेले.

“हे त लहान पोट्ट्याईचं गिटार होय,” बहीण म्हणाली.

“गिटार नाई आई. युकुलेले म्हन्तेत याले.”

“कायचं लेले?”

“युकुलेले.”

“लेले त कोकणातले असतेत ना व?”

घरभर हसू झालं. पण आठवडाभरानं मी पुन्हा चांदूरला गेलो तेव्हा ते निळं लाकूड कपाटावर पालथं पडलेलं होतं. पोरगी आठवीतली, बोलकी. पण त्या विषयावर गप्प. खूप विचारलं तेव्हा म्हणाली, “मामा, मले नाई जमत. माह्या बोटाईतच काही नाई.”

तेरा वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या बोटांबद्दल असा निकाल द्यावा, हे मला बरं वाटलं नाही. मी ते खाली काढलं. माझी संगीतविद्या लहानपणी मंडळात वाजवलेल्या झांजांपुरती. तरी मलाही समजलं, की फोनवर बघून चौथी तार लावून होईपर्यंत पहिली उतरलेली असते. खुंटी पिळली की ती हळूच मागे फिरते. पोरगी सात दिवस त्या खुंट्यांशी भांडत होती आणि दोष बोटांना देत होती.

हा लेख त्यातून निघाला. चांदुरासारख्या गावात एखाद्या मुलीनं पहिलं वाद्य घ्यायचं तर ते कसं पारखायचं, आणि ते सांगणारं माणूस आता उरलंय कुठे, हे मी पुढचे काही महिने विचारत फिरलो.

आमच्याकडे पहिलं वाद्य कुणी विकत घेतच नसे. वाद्य मंडळाचं असे. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला जाऊन बसायचं, एखाद्या दिवशी कुणीतरी हातात झांज द्यायचं. झांज लयीत पडायला लागली की खंजेरी. पेटीला हात लावायला मिशा फुटाव्या लागत. शेजारच्या तिवसा तालुक्यातलं मोझरी म्हणजे तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज. यावलीला १९०९ साली जन्मलेल्या या माणसानं १९३५ साली तिथे आश्रम उभा केला आणि खंजेरी हे आमच्या भागाचं वाद्य करून टाकलं. १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले तेव्हाही हा खंजेरी भजनाचाच माणूस गेला होता. पुढे अकोट भागातल्या सत्यपाल महाराजांनी एकाच्या जागी सात खंजेऱ्या मांडल्या आणि प्रबोधनाचा फड गाजवला. हाताच्या पंजाएवढ्या गोल चौकटीवर ताणलेलं कातडं आणि कडेला चकत्या. याहून स्वस्त आणि हलकं वाद्य शोधून सापडणार नाही.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. श्रावणातल्या दमट संध्याकाळी खंजेरी भदभद वाजायला लागली, की शेजारचा म्हातारा ती काढून घ्यायचा, कंदिलाच्या उबेला धरायचा आणि परत द्यायचा. वर सांगायचा, “तुहा हात बराबर हाय. कातडं उतरलं होतं.” वाद्य चुकलं की हात चुकला, हे नवशिक्याला कधीच कळत नाही. ते दुसऱ्यानं सांगावं लागतं. खोलीत फोन घेऊन एकटं बसलेल्या पोरीला ते कोण सांगणार?

युकुलेले परक्या देशाचं, म्हणून आमच्या मंडळात ते परकं ठरेल असं बहिणीला वाटत होतं. मला नाही वाटलं. पेटी तरी कुठली? तिचं मूळ पॅरिसचं. १९४० ते १९७१ एवढा काळ तिला आकाशवाणीवर बंदी होती, आणि त्याच तीन दशकांत गावोगावच्या मंडळांत तिच्याशिवाय पान हलत नव्हतं. वरातीत आपण ज्याला बँजो म्हणतो तो टाइपरायटरच्या बटणांचा प्रकार तर जपानी: १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी तयार केलेलं ताइशोगोतो. वऱ्हाडातल्या नवरदेवाच्या घोड्यापुढे ते वाजतं तेव्हा कुणी पासपोर्ट मागत नाही.

आणि युकुलेलेचं आमच्या गावाशी एक लांबचं नातंही निघालं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. तिथला कापूस मँचेस्टरला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या कापसाच्या ओढीनं लोहमार्ग रेटला गेला, १८६७ साली नागपूरला पोचला, आणि आमच्या चांदुराच्या नावापुढे रेल्वे लागली. त्याच युद्धानं अमेरिकेच्या दक्षिणेतली साखरही अडली. तिची जागा घेतली पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांनी. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. ते पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून आणले गेले. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हनस्क्रॅग’ नावाचं जहाज होनोलुलूला लागलं. त्यात चारशेवर माणसं होती, आणि मानुएल नुनेस, औगुस्तो दियास, जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतारकाम जाणणारे गडीही. त्यांच्या देशात माशेत नावाचं छोटं चार तारांचं वाद्य होतं. मळ्यातला करार संपल्यावर तिघांनी होनोलुलूत वाद्यं घडवायला घेतली. राजा कालाकाउआला ती आवडली, दरबारात वाजू लागली. वाजवणाऱ्याची बोटं तारांवर अशी उडायची की लोकांनी नाव ठेवलं ‘उकु लेले’, उड्या मारणारी पिसू. राणी लिलिउओकलानीनं त्याच नावाचा नाजूक अर्थ लावला, ‘इथवर आलेली भेट’. मी दोन्ही अर्थ बहिणीला सांगितले. तिनं पिसू ठेवली.

१९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेला या पिसूचं वेडच लागलं. १९४९ साली तर मारिओ माकाफेर्री या नामांकित गिटारकारानं अख्खं प्लॅस्टिकचं युकुलेले बाजारात आणलं, आणि ते स्वरात वाजायचं. म्हणजे स्वस्त असणं हा गुन्हा नव्हे. सातशेचं निळं लाकूड स्वस्त होतं म्हणून वाईट नव्हतं. ते नीट मोजून केलेलं नव्हतं, म्हणून वाईट होतं.

दिवाळीच्या सुटीत पोरीला घेऊन अमरावतीला गेलो. तीसेक किलोमीटरचा रस्ता, पोहरा-मालखेडच्या जंगलातून. बिबट्या दिसतो का म्हणून ती खिडकीला नाक लावून होती. दुकानात समोर ढोलक्या, पेट्या, ताशे. मागच्या भिंतीवर गिटारं आणि त्यांच्या पायाशी पाच-सहा युकुलेले, जत्रेत हरवलेल्या पोरांसारखी. दुकानदार जुना माणूस. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे भजनी मंडळं, नवरात्रातली आणि सप्त्यातली. पण आता महिन्यातून दोन-तीन पोरं हे मागायला येतात, म्हणाला. “येतात आणि रंग विचारतात.”

त्यानं आम्हाला आधी माप शिकवलं. सर्वांत लहान सोप्रानो, साधारण २१ इंच. मग कॉन्सर्ट २३ इंच, टेनर २६ इंच. या तिन्हींच्या तारा एकाच स्वरात लागतात, म्हणून एकावर शिकलेलं दुसऱ्यावर चालतं. चौथं, तीसेक इंची बॅरिटोन. त्याच्या तारा गिटारच्या खालच्या चार तारांसारख्या लागतात, सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नये. सोप्रानोवर पडदे जवळजवळ असतात, लहान हाताला सोयीचे. माझ्यासारख्याचं जाड बोट एका वेळी दोन तारा दाबतं. पोरीच्या हातात त्यानं दोन्ही दिली. सोप्रानो तिनं बाहुली धरावी तसं धरलं, कॉन्सर्ट पोटाशी घेऊन बसली. “हे राहू द्या,” दुकानदार म्हणाला. तिनं अजून एकही तार छेडली नव्हती.

मग मी पिशवीतून निळं लाकूड काढलं. मला त्याच्याकडून पंचनामा हवा होता.

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. गल्ल्याखालून शिवणाचा दोरा काढला. दोऱ्याचं एक टोक धरलं वरच्या पट्टीवर, जिथून तार मोकळी होते. दुसरं खाली घोडीवर, जिथे ती टेकते. तेवढा दोरा दुमडून निम्मा केला आणि परत वरून लावला. निम्मा दोरा बाराव्या पडद्यावर यायला हवा. एखाद-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे चालतं, पण निळ्याचा दोरा चांगला अर्ध्या बोटानं चुकला. कारण साधं आहे. तार निम्मी केली की सा चा तार सा होतो. घोडी चुकीच्या जागी चिकटवली, तर मोकळी तार तुम्ही कितीही नेटकी लावा, पडद्यावर बोट ठेवलं की ती बेसूरच बोलणार. तिथे खुंटी पिळून उपयोग नाही, रियाज करूनही नाही. पोरगी दोऱ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे.

दोरा जवळ नसेल तर कान आहेच: मोकळी तार वाजवा, मग बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. दोन्ही एकच स्वर, एक खालचा, एक वरचा, असे ऐकू यायला हवेत. हे सांगून झाल्यावर त्यानं आमच्या कॉन्सर्टच्या गळ्यावरून, कडेकडेनं, तळहात फिरवला. पडद्यांची टोकं हाताला टोचली नाहीत. पहिल्यापासून बाराव्यापर्यंत एकेक पडदा दाबून प्रत्येक तार छेडली. कुठे झणझण आली तर तो पडदा उंच-सखल आहे असं समजायचं. बाराव्या पडद्यापाशी तार लाकडापासून तीनेक मिलिमीटर असावी, रुपयाची दोन नाणी एकमेकांवर ठेवून जेमतेम सरकतील एवढी. त्याहून वर असेल तर नवशिक्याची बोटं दोन दिवसांत दुखून येतात आणि तिसऱ्या दिवशी वाद्य कपाटावर जातं.

खुंट्या दोन तऱ्हेच्या. एका तऱ्हेत कान बाजूला निघालेले असतात आणि आत दातेरी चाक. त्या सहसा घसरत नाहीत. दुसऱ्या सरळ पाठीमागे निघतात आणि नुसत्या घट्टपणावर धरून राहतात. निळ्याच्या या दुसऱ्या होत्या. अशा खुंटीच्या टोकाला बारीक स्क्रू असतो, तो पेचकसानं आवळला की खुंटी धरते. सात दिवसांचं रडणं एका पेचकसाचं होतं. निदान अर्धं तरी. उरलेलं अर्धं घोडीचं.

“नव्या तारा मात्र पंधरा दिवस उतरतीलच,” त्यानं बजावलं. तारा नायलॉनच्या किंवा तसल्याच धाग्याच्या, ताणून ताणून बसतात. मग तार ताणतेय की खुंटी घसरतेय, हे ओळखायचं कसं? ताणणारी तार रोज आधीपेक्षा कमी उतरते; घसरणारी खुंटी रोज तेवढीच फसवते. आणि यावर गिटारच्या लोखंडी तारा कधी चढवायच्या नाहीत. तो ताण या पिसूला सोसत नाही, घोडीच उखडून येते.

लाकडाचं विचारलं तेव्हा मला वाटलं होतं, तो महागडं गळ्यात मारेल. त्याच्याकडे एक होतं, वरचा तक्ता एकसंध लाकडाचा. आवाज खरंच गोड, खोल. पण त्यानं दाखवून परत टांगलं. “चांदूरला मे महिन्यात काय असतं तुम्हाला माहीत आहे,” म्हणाला. एकसंध लाकूड श्वास घेतं. हवेत ४५ ते ५५ टक्के दमटपणा असला तर ते खूश. वैशाखातल्या दुपारी आमच्याकडे हवेतला ओलावा नावालाच उरतो, पारा पंचेचाळिशीला टेकतो. लाकूड आक्रसतं आणि तक्त्याला चीर जाते. आषाढात तेच फुगतं. त्यात खोलीत कूलर: सुरू असताना भिंतींना ओल, वीज गेली की तासाभरात पुन्हा भट्टी. पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून केलेलं लाकूड, म्हणजे आपलं प्लायवूडच म्हणा, आवाजाला जरा कमी, पण हा मार खातं. वऱ्हाडात पहिलं वाद्य घेताना ते घ्यावं, हे मला त्या दुकानात पटलं आणि पुढच्या उन्हाळ्यात जास्त पटलं. बंद गाडीत, गच्चीवर, कूलरच्या तोंडासमोर मात्र तेही ठेवू नये. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांचे कारागीर लाकूड मुरवण्यात वर्षं घालवतात. आपण अडीच-तीन हजारांत घेतो तेव्हा ते मुरवणं विकत घेत नसतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

अडीच-तीन हजार म्हणालो. आम्हाला तेवढंच पडलं. साधं तपकिरी कॉन्सर्ट, चित्र नाही, झाड नाही. पोरगी परतीच्या रस्त्यात बिबट्या विसरली होती.

पुढचे दोन महिने शिकवणी फोनवरच झाली आणि बरी झाली, कारण या वाद्याचा हा एक गुण खराच: सी ही पहिली कॉर्ड एका बोटाची. खालच्या तारेवर तिसरा पडदा दाबायचा, बस्स. ए मायनरही एका बोटाची, एफ दोन बोटांची, जी सेव्हनला तीन. चार कॉर्डमध्ये पुष्कळ गाणी बसतात. पण घरात ती एकटीच वाजवायची आणि एकटीच थांबायची. एका गुरुवारी बहीण तिला म्हणाली, “चाल, मंडळात घेऊन जाऊ तुह्या लेलेले.”

मंडळाचे पेटीवाले आबाजी पंच्याहत्तरी ओलांडलेले. त्यांनी चष्मा वर करून वाद्य पाहिलं आणि पहिला प्रश्न केला तो मला एवढ्या महिन्यांत सुचला नव्हता.

“कोन्या पट्टीत लावतेत हे?”

पोरगी गोंधळली. “सी मध्ये, आबाजी.”

“सी म्हन्जे?”

तिनं तार छेडली. आबाजींनी पेटीवर बोट फिरवलं, थांबले. “पांढरी एक. आता बाकीच्या वाजव.” तिनं वरून खाली एकेक तार मोकळी छेडली आणि ते पेटीवर शोधत, पुटपुटत गेले: प... सा... ग... ध. मग हात थांबवून माझ्याकडे बघून म्हणाले, “अरे, हा त भूप होय. एक रे नाई फक्त.”

युकुलेलेच्या चार तारांना जगभर जी, सी, ई, ए म्हणतात. सी ला सा धरलं तर त्या होतात प, सा, ग, ध. गंमत अशी की वरची पहिली तार सर्वांत खालच्या स्वराची नाही. प हा सा च्या वरचाच आहे, म्हणून छेडलं की स्वर उतरून पुन्हा चढतात आणि त्या उडीतूनच त्याचा तो खेळकर आवाज येतो. हे मी वाचलं होतं. पण हात न लावता हे वाद्य भूपाच्या चार स्वरांत उभं असतं, हे मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं. ते एका पेटीवाल्यानं मिनिटभरात काढलं. “आता रे शोध,” ते म्हणाले. तिनं सा च्या तारेवर पडदे चाचपले. दुसऱ्यावर मिळाला. मग सा मोकळा, रे दुसऱ्या पडद्यावर, ग मोकळा, ग च्या तारेवर तिसरा पडदा प, ध मोकळा, ध च्या तारेवर तिसरा पडदा तार सा. पाच वेळा अडखळली, सहाव्यांदा सरळ वर गेली. मींड निघत नाही, हे आबाजींनी लगेच ओळखलं. “पेटीवरही कुठी निघते?” म्हणाले आणि विषय संपवला.

अडचण पुढे आली. मंडळ गातं काळी एकमध्ये. अर्ध्या स्वरानं सगळंच वर. गिटारवाले अशा वेळी गळ्याला कॅपो नावाचा चिमटा लावतात. तो कुणाकडे असणार? पहिल्या पडद्यावर एक शिसपेन्सिल आडवी ठेवून रबरानं आवळली, पांढरी एकची काळी एक झाली. तरी काहीतरी खटकत होतं. आबाजींची पेटी जुनी, जराशी चढी. फोनमध्ये सुई बरोबर मध्यावर होती, हिरवा दिवा लागला होता, आणि पेटीशी मात्र जुळत नव्हतं.

“आबाजी, फोन त बराबर म्हन्ते.”

“म्हनू दे त्याले. त्याले भजन म्हनाचं हाय काय?”

तिनं फोन पालथा ठेवला आणि पेटीचा सा ऐकत एकेक खुंटी केसभर वर नेली. प्रार्थना सुरू झाली तेव्हा ती खंजेरीवाल्याच्या शेजारी बसलेली होती आणि तिचा हात घाबरत घाबरत का होईना, लयीत होता. दोन कॉर्डवर निभावलं तिनं.

निळ्या लाकडाचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. ते मी टाकायला निघालो होतो. आबाजींनी मागून घेतलं. त्यांनी त्याच्या तीन तारा काढल्या, एकच ठेवली, तिच्या खुंटीचा स्क्रू पेचकसानं आवळला. पडदे चुकीचे, पण पडदे दाबायचेच नाहीत. घोडी चुकीच्या जागी, पण मोकळ्या तारेला त्याचं काय! एक तार, एक सा. एकतारी झाली. मंडळाच्या भिंतीवर झांजांशेजारी खिळ्याला टांगलेली असते, पोटावर नारळाच्या झाडासकट. मागच्या गुरुवारी गेलो तेव्हा सहा-सात वर्षांचा एक पोट्टा ती मांडीवर घेऊन बसला होता आणि माझी भाची त्याला सांगत होती, “तुहा हात बराबर हाय. थांब, खुंटी उतरली.”